जंगलातले गडगे

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या रानात पायवाटेने चालताना मध्येच गडगा आडवा येतो. मांडीएवढा उंच. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. पलीकडे ओक आणि मेपल, अलीकडेही तेच. मग हे कुंपण घातलं कुणासाठी?

गडगा आधीचा, जंगल नंतरचं. कनेक्टिकट न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात येतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिण न्यू इंग्लंडमधलं निम्म्याहून जास्त जंगल तुटलेलं होतं. इथे शेतं होती, मेंढ्या चरत होत्या. १८२५मध्ये ईरी कालवा खुला झाला, पश्चिमेकडच्या सुपीक जमिनीतलं धान्य स्वस्तात येऊ लागलं, आणि लोक एकेक करून शेत सोडून गेले. मग झाडं परतली.

दगड इथे आणून टाकले हिमयुगातल्या बर्फाने. पण ते वर कसे आले, ही गंमत बघण्यासारखी आहे. हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते. दगडातून उष्णता मातीपेक्षा लवकर निसटते, त्यामुळे त्याच्या तळाशी बर्फ आधी धरतो. खालची ओल ओढून घेत तो जाड होतो आणि दगडाला उचलतो. वसंतात बर्फ वितळतो, पण तोवर पोकळीत माती घसरलेली असते; दगडाला परत खाली जायला जागाच उरत नाही. दरवर्षी थोडं थोडं. झाडं आणि पालापाचोळा होता तोवर थंडी फार खोल जात नव्हती. म्हणजे शेतकऱ्याने कुऱ्हाड चालवली आणि दगडांचं पीक स्वतःवर ओढवून घेतलं! बैलांनी ओढायच्या लाकडी घसरगाड्यांवर लादून ते बांधाला नेले जात.

१८७१च्या सरकारी कुंपणगणतीवरून ऑलिव्हर बोल्स या खाण अभियंत्याने १९३९मध्ये हिशोब मांडला: न्यू इंग्लंडमधले गडगे दोन लाख चाळीस हजार मैलांहून जास्त. जवळपास चंद्राएवढं अंतर.

गडग्यात मुठीएवढे दगड खच्चून भरलेले दिसले, तर शेजारी नांगर चालत होता असं समजावं. इतके बारीक दगड कुरणातून वेचायच्या भानगडीत कोण पडेल? नुसते मोठे धोंडे असतील तर कुरण किंवा गवताची जमीन. रानातल्या दगडांच्या ढिगांचं मात्र इतकं सोपं नाही. बरेचसे शेत साफ करताना रचलेले. पण काही ढीग नॅरागॅन्सेटसारख्या मूळनिवासी जमाती पवित्र मानतात. कुठला कोणता, यावर वाद आहे. तेव्हा दगड हलवू नये.

हल्ली विमानातून लेझरचे झोत सोडून झाडांखालची जमीन मोजतात. पानगळीनंतर केलेल्या अशा नकाशात सगळं जुनं गाव उमटतं, शेतांच्या चौकटींसकट.

पायी फिरणाऱ्याने गडग्यात गाडी जाईल एवढी फट शोधावी आणि आत वळावं. नशीब असेल तर थोड्या अंतरावर दगडांनी बांधलेला चौकोनी खड्डा सापडतो: घराचं तळघर. त्याच्या कडेला कुणीतरी दाराशी लावलेलं लायलॅकचं झुडूप असतं, आणि ऊन पोचत असेल तर मे महिन्यात ते अजून फुलतं.