कॅमेरा, प्रिंटर, संगणक : स्वतंत्र चित्रपटातील व्हीएफएक्सची पार्श्वभूमी

वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेली, किंवा मुळात टिपलेलीच नसून हाताने वा संगणकावर घडवलेली चित्रे एका शॉटमध्ये अशी एकत्र आणायची की ती एकाच लेन्समधून एकाच क्षणी घेतलेली वाटावीत, या कामाला कंपोझिटिंग म्हणतात. आणि त्या चित्रांपैकी ज्याला फ्रेमगणिक हालचाल द्यावी लागते, तो भाग ॲनिमेशनचा. ही दोन्ही कामे चार-पाच जणांच्या चमूने, क्वचित एकट्या दिग्दर्शकाने, पार पाडून मोठ्या स्टुडिओबाहेर, म्हणजे स्वतंत्रपणे, पूर्ण लांबीचे चित्रपट उभे केल्याची उदाहरणे आज आहेत आणि त्याचे श्रेय सरसकट संगणक स्वस्त झाल्याला दिले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. चित्रांची जोडणी नेमकी कुठे होते, कॅमेऱ्याच्या पोटात, प्रयोगशाळेतल्या यंत्रावर की संगणकाच्या स्मृतीत, यावर ती कोणाला करता येईल हे ठरत आले आहे; आणि सुरुवातीच्या काळात ती ज्यांनी केली, ते स्वतःच लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि तंत्रज्ञ होते.

१८९५ मध्ये एडिसनच्या कंपनीने राणी मेरीच्या शिरच्छेदाची छोटी फिल्म केली, तेव्हा कुऱ्हाड पडण्याआधी कॅमेरा थांबवून कलाकाराच्या जागी पुतळा ठेवण्यात आला. ही फक्त अदलाबदल होती. खरी जोडणी पॅरिसजवळच्या माँत्रय येथे जॉर्ज मेलिएस याने सुरू केली. १८९८ च्या एका फिल्ममध्ये त्याने स्वतःची चार डोकी एकाच वेळी पडद्यावर दाखवली आणि १९०० मध्ये तोच सात वादकांच्या रूपात एकत्र बसलेला दिसला. यामागचे तत्त्व साधे आहे. काळ्या पडद्यावरून प्रकाश परत येत नाही, त्यामुळे फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या जागेत दुसरे चित्र घेता येते. मात्र सातव्या खेपेला वादक चुकीच्या ठोक्यावर हलला, तर आधीच्या सहाही खेपा वाया जात. कोणतीही प्रत न काढता मूळ निगेटिव्हवरच सगळे घडत असल्याने चित्र अत्यंत स्वच्छ मिळे, पण चुकीला जागा नव्हती.

दादासाहेब फाळके याच परंपरेतले. पेरलेल्या वाटाण्याचा वेल होईपर्यंत त्याची एकेक फ्रेम टिपण्याचा प्रयोग त्यांनी पहिला कथापट काढण्याआधी केला होता, पुढे आगकाड्या हलवून ॲनिमेशनही केले आणि पौराणिक चित्रपटांतली ट्रिकदृश्ये स्वतः रचली. स्टुडिओची वेगळी शाखा हाताशी नसताना दिग्दर्शकानेच दृश्यपरिणाम (व्हीएफएक्स) घडवायचे, ही आज नवी वाटणारी गोष्ट मूक चित्रपटांच्या काळात अगदी स्वाभाविक होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कॅमेऱ्यासमोरच्या युक्त्या बऱ्याच पुढे गेल्या. नॉर्मन डॉनने १९०७ मध्ये कॅमेऱ्यासमोर काच उभी करून, पडझड झालेल्या इमारतींचे नसलेले छप्पर त्या काचेवर रंगवले. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये ऑयगेन श्युफ्तान याने तिरक्या आरशाचा काही भाग खरवडून पारदर्शक केला आणि आरशातली प्रतिकृती व आरशापलीकडचे खरे कलाकार एकाच वेळी टिपले. या पद्धतींची मर्यादा एकच होती : दोन चित्रांमधली सीमारेषा स्थिर असावी लागे. माणूस ती रेषा ओलांडून गेला की तो अर्धा कापला जाई. ही अडचण सोडवण्यासाठी माणसाच्या बाह्याकृतीबरोबर फ्रेमगणिक बदलणारा मॅट, म्हणजे चित्राचा ठरावीक भाग झाकणारा मुखवटा, लागतो. अशा चालत्या मॅटच्या पद्धतीचे पेटंट फ्रँक विल्यम्सला १९१८ मध्ये मिळाले आणि तिथून हे काम कॅमेऱ्यातून बाहेर पडून प्रयोगशाळेकडे सरकले.

प्रयोगशाळेतले मुख्य यंत्र म्हणजे ऑप्टिकल प्रिंटर. एका बाजूला प्रोजेक्टर, समोर कॅमेरा, आणि दोन्ही एकेक फ्रेम पुढे सरकणारे, इतकीच त्याची मूळ रचना. पण ते काटेकोरपणे चालवणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. लिनवुड डन यांनी १९४१ च्या ‘सिटिझन केन’मधल्या कितीतरी जोडण्या या यंत्रावर केल्या आणि पुढे त्यांच्याच आराखड्यावरून बाजारात विकला जाणारा प्रिंटर तयार झाला. रंगीत चित्रपटात निळा पडदा लॅरी बटलरने १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’साठी वापरला. निळ्या पडद्यासमोरच्या कलाकाराचे निगेटिव्ह घ्यायचे, त्यातून रंगांच्या स्वतंत्र कृष्णधवल प्रती काढायच्या, त्यांच्यापासून पार्श्वभूमी झाकणारा एक आणि कलाकार झाकणारा दुसरा असे परस्परपूरक मॅट तयार करायचे, आणि मग सगळे थर एकापाठोपाठ एक करत नव्या निगेटिव्हवर छापायचे. दोन मॅट केसभर जरी सरकले, तरी कलाकाराभोवती काळी किंवा निळी कड उमटे. केस, धूर, काच आणि वेगाने हलणारे हात हे तर कायमचे शत्रू होते. पेट्रो व्लाहोस यांनी १९५९ च्या ‘बेन-हर’साठी निळ्या आणि हिरव्या रंगांतल्या फरकावर आधारलेली पद्धत विकसित केली, तेव्हा या अर्धपारदर्शक कडा पहिल्यांदा विश्वासार्हपणे टिकल्या. आजची ‘की’ काढणारी, म्हणजे पडद्याचा रंग ओळखून तेवढा भाग पारदर्शक करणारी, साधने मुळात त्याच गणितावर उभी आहेत, म्हणून या संपूर्ण इतिहासात मला व्लाहोस यांचे काम सर्वांत दूरगामी वाटते.

प्रिंटरची किंमत केवळ पैशांत नव्हती. प्रत्येक प्रतीबरोबर ग्रेन (फिल्मवरचे दाणे) वाढे आणि तपशील कमी होई, त्यामुळे चित्रपट पाहताना अंधारातही प्रेक्षकाला ट्रिकचा शॉट ओळखू येई. ‘स्टार वॉर्स’च्या चमूने १९७७ मध्ये दृश्यपरिणामांसाठी व्हिस्टाव्हिजनचे मोठ्या आकाराचे निगेटिव्ह वापरले ते यासाठीच : प्रतीमध्ये होणारी घट आधीच्या मोठेपणातून भरून काढायची. ज्याच्याकडे मोठे निगेटिव्ह, स्वतःचा प्रिंटर आणि चाचण्या पुन्हापुन्हा करण्याची मुभा नव्हती, त्याला अशा जोडणीपासून दूर राहावे लागे.

तरीही लहान अंदाजपत्रकात काम करणाऱ्यांनी वाट काढली, आणि ती काढताना ते पुन्हा कॅमेऱ्याकडेच वळले. याचे उत्तम उदाहरण रे हॅरिहाउसेन यांच्या कामात आहे. १९५३ च्या ‘द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स’साठी त्यांनी बाहुलीच्या मागच्या पडद्यावर आधी चित्रित केलेले दृश्य एकेक फ्रेम पाडले, बाहुली तेवढीच हलवली आणि खालचा भाग काळ्या मॅटने झाकून ठेवला. सर्व फ्रेम झाल्यावर फिल्म मागे नेली, मॅट उलटा केला आणि झाकलेल्या जागेत त्याच दृश्याचा खालचा, कॅमेऱ्याजवळचा भाग टिपला. अशा रीतीने प्राणी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या वस्तूंच्या मागे उभा राहिला, आणि महागड्या प्रिंटरवरची कामे टळली. कोऱ्या जागेत दुसरे चित्र घेण्याचे मेलिएसचे तत्त्व इथे अधिक संयमाने वापरलेले दिसते. पुढे विद्यार्थी-चित्रपट म्हणून सुरू झालेला आणि सुमारे ६० हजार डॉलरमध्ये पूर्ण झालेला १९७४ चा ‘डार्क स्टार’, तसेच १६ मिमी फिल्मवर चित्रित झालेला आणि शेवटचे देह विरघळण्याचे दृश्य स्टॉप-मोशनने (वस्तू थोडी थोडी बदलत एकेक फ्रेम टिपून) साकारणारा १९८१ चा ‘द ईव्हल डेड’, हे चित्रपटही प्रतिकृती, बाहुल्या आणि रंग यांवरच उभे राहिले.

संगणकाने घडवलेला बदल समजण्यासाठी चकचकीत प्राण्यांपेक्षा एका साध्या कल्पनेकडे पाहावे लागते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि ॲल्व्ही रे स्मिथ यांनी प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या मूल्यांबरोबर चौथे मूल्य साठवले : तो पिक्सेल किती झाकतो. हाच अल्फा चॅनल. ॲनिमेशनमध्ये अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये पेटंट घेतलेल्या सेल शीटचे, म्हणजे हलती आकृती काढून पार्श्वभूमीवर ठेवायच्या पारदर्शक पत्र्याचे, काम आता एका आकड्याने केले. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी असे थर एकमेकांवर ठेवण्याचे पूर्ण बीजगणित मांडले. त्यांचा आग्रह असा की रंगाची मूल्ये अल्फाने आधीच गुणून साठवावीत. समजा एखाद्या केसाच्या कडेचा पिक्सेल ४० टक्के झाकतो. तर त्याच्या गुणलेल्या रंगात मागच्या चित्राचा ६० टक्के रंग मिळवला की काम झाले. कंपोझिटरने हे गुणणे विसरून दोनदा केले, तर कडेभोवती काळी रेघ दिसते, आणि ऑप्टिकल काळातल्या सरकलेल्या मॅटची आठवण करून देणारी ही चूक आजही नवशिक्यांच्या शॉटमध्ये हमखास सापडते. पण प्रत कितीही वेळा काढली तरी चित्र खालावत नाही, आणि फसलेला थर तेवढाच बदलता येतो. मेलिएसच्या सातव्या खेपेची भीती इथे संपली.

ही सोय लगेच सर्वांच्या हाती आली नाही. फिल्म स्कॅन करणे, प्रक्रिया करणे आणि पुन्हा फिल्मवर उतरवणे यासाठी लागणारी यंत्रे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मोठ्या कंपन्यांकडेच होती. १९९३ मध्ये मात्र एका छोट्या अमेरिकी कंपनीने घरगुती मॅकवर चालणारे आफ्टर इफेक्ट्स हे कंपोझिटिंगचे सॉफ्टवेअर बाजारात आणले आणि पुढच्या वर्षी ते अडोबीकडे गेले. त्याच सुमारास डिजिटल डोमेन या स्टुडिओने अंतर्गत वापरासाठी न्यूक हे कंपोझिटिंगचेच सॉफ्टवेअर लिहिले, पण ते बाहेरच्यांना सहज मिळायला बरीच वर्षे जावी लागली. सॉफ्टवेअर असूनही अडचण कॅमेऱ्याची होती. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फितीवर उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची असली, तरी रंगाची नोंद दर चार पिक्सेलमागे एकच असे, त्यामुळे हिरव्या पडद्यावरून ‘की’ काढल्यावर कलाकाराच्या खांद्याला पायऱ्यांसारखी कड येई. हिरवा रंग निळ्याच्या जागी रुळण्यामागेही कॅमेऱ्याचा हात आहे : नेहमीच्या डिजिटल सेन्सरमध्ये हिरव्या बिंदूंची संख्या लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असते, म्हणून त्या रंगात गोंगाट (चित्रातले नको असलेले ठिपके) कमी आणि तपशील अधिक मिळतो.

२००२ नंतर बऱ्याच गोष्टी जुळून आल्या. टोन रोसेंडाल यांच्या बंद पडलेल्या कंपनीचे ब्लेंडर हे त्रिमितीय ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर लोकवर्गणीतून १ लाख युरो जमवून सर्वांसाठी मुक्त करण्यात आले. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणामांच्या मोठ्या स्टुडिओने २००३ मध्ये ओपनईएक्सआर ही फाइल-पद्धत सर्वांसाठी खुली केली, म्हणजे मोठ्या स्टुडिओइतकीच प्रकाशाची खोली साठवण्याची सोय घरी बसलेल्यालाही मिळाली. ब्लेंडरच्या संस्थेने २०१२ मध्ये ‘टीअर्स ऑफ स्टील’ हा लघुपट खास याच हेतूने केला की कॅमेरा ट्रॅकिंग आणि कंपोझिटिंगची साधने प्रत्यक्ष चित्रीकरणावर घासून निघावीत. ट्रॅकिंगचे महत्त्व इथे वेगळे सांगायला हवे. जोवर संगणकाला खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल कळत नव्हती, तोवर ॲनिमेटेड वस्तू टिकवायची तर तिपाईवर स्थिर कॅमेरा हा जवळपास नियम होता. ट्रॅकिंग घरच्या संगणकावर आल्यावर हातातला कॅमेरा शक्य झाला आणि स्वतंत्र चित्रपटाची दृश्यभाषाच मोकळी झाली.

२०१० च्या ‘मॉन्स्टर्स’मध्ये गॅरेथ एडवर्ड्स यांनी छोट्या चमूबरोबर खऱ्या ठिकाणी चित्रीकरण केले आणि सुमारे २५० दृश्यपरिणामांचे शॉट स्वतः घरी पूर्ण केले. २०२२ च्या ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’मधले बहुतेक दृश्यपरिणाम पाच जणांच्या मुख्य चमूने केले, त्यांतल्या अनेकांनी हे काम कोणत्याही संस्थेत न शिकता आत्मसात केले होते. या दोन्ही उदाहरणांत दिग्दर्शन आणि कंपोझिटिंग यांतले अंतर फार कमी होते. कोणती गोष्ट कॅमेऱ्यासमोरच करायची, कुठे एखादा शॉट आखूड करायचा, कशाला अंधारात ठेवायचे, हे निर्णय चित्रीकरणाआधीच घेता आले.

रोटोचा, म्हणजे बाह्याकृती फ्रेमगणिक गिरवण्याचा, वेळ मात्र अजून पुरता सुटलेला नाही. मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ मध्ये पेटंटसाठी दिलेल्या यंत्रात चित्रकार पडद्यावरच्या माणसाची रेघ फ्रेमगणिक गिरवत असे, आणि हिरवा पडदा नसलेल्या शॉटमध्ये कलाकार वेगळा काढायचा तर आजही तेच करावे लागते : सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १० सेकंदांच्या शॉटसाठी २४० बाह्याकृती. यंत्रशिक्षणावर आधारलेली साधने शरीराचा ढोबळ मॅट काही मिनिटांत देतात, पण उडणारे केस आणि वेगाने धूसर झालेली बोटे यांच्या कडा ती फ्रेमगणिक थरथरवतात, आणि त्या हाताने सावराव्या लागतात. म्हणून अनुभवी छोटे चमू चित्रीकरणाच्या दिवशीच कलाकाराविना तीच फ्रेम पुन्हा घेतात, लेन्सचे माप आणि कॅमेऱ्याची उंची लिहून ठेवतात, आणि प्रकाश कुठून किती येतो हे नंतर कळावे म्हणून राखाडी व आरशासारखा असे दोन गोळे क्षणभर कॅमेऱ्यासमोर धरतात.