फाइलमधील वेळ साडेपाच तास मागे का दिसते?

आमच्या मेटाडेटा कंपोनंटविषयी (फाइलमध्ये नोंदलेली तारीख, नाव अशी माहिती वाचून देणारा सॉफ्टवेअरचा भाग) सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. वर्ड हा प्रोग्रॅम डॉकएक्स फाइलमध्ये निर्मितीची व शेवटच्या बदलाची वेळ यूटीसीनुसार, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेनुसार, लिहितो आणि आमचा कंपोनंट ती जशीच्या तशी देतो. त्यामुळे १ एप्रिलला पहाटे १ वाजता जतन केलेले बिल ३१ मार्च, १९:३० असे दिसते आणि त्याचे आर्थिक वर्षच बदलते.

हे लक्षात आल्यावर अनेक ग्राहक कोडमध्ये सरसकट साडेपाच तास मिळवतात, आणि खरा घोळ तिथेच होतो. भारतात तयार झालेल्या पीडीएफमधील तारखेच्या शेवटी बहुधा +०५'३०' (यूटीसीच्या साडेपाच तास पुढे) असे लिहिलेले असते, म्हणजे ती वेळ आधीच भारतीय असते. तिच्यात पुन्हा तास मिळवले की दुपारी २ ची पीडीएफ संध्याकाळी साडेसातची होते. एका ग्राहकाच्या हे काही महिन्यांनी लक्षात आले, तेव्हा सगळ्या नोंदी मूळ फाइलींवरून पुन्हा भराव्या लागल्या. म्हणून तारखेसोबत आलेला यूटीसीपासूनचा फरक आधी वाचावा, साठवताना यूटीसी ठेवावी आणि भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवावी. फरक लिहिलेलाच नसेल, तर ती वेळ भारतीय आहे असे गृहीत धरू नये.

आम्हीच वेळ बदलून का देत नाही, असे विचारले जाते. दुबईत तयार झालेल्या पीडीएफवर +०४'००' असते. ती नोंद आम्ही पुसली, तर फाइल कुठल्या वेळेनुसार तयार झाली हे सांगणारी खूणच नाहीशी होईल.

हे काम स्वतः करावे की विकत घ्यावे? डॉकएक्स ही मुळात झिप फाइल असून तिच्यातील कोअर.एक्सएमएल ही तारखा असलेली फाइल वाचणे अवघड नाही; आपल्याकडे केवळ अशाच फाइली असतील, तर आमच्या परवान्यावर खर्च करू नये. जावामध्ये काम करणाऱ्यांसाठी अपाचे टिका ही फाइलींमधील माहिती वाचणारी लायब्ररी मोफत उपलब्ध आहे. परंतु १ जानेवारी १६०१ पासून वेळ मोजणाऱ्या जुन्या वर्डच्या डॉक फाइली, तसेच पीडीएफच्या मूळ माहितीकोशात एक आणि एक्सएमपीमध्ये (त्याच फाइलमधील एक्सएमएल स्वरूपाची दुसरी नोंद) दुसरीच तारीख असलेल्या पीडीएफ रोज येत असतील, तर आमचा कंपोनंट दोन्ही तारखा वेगळ्या देतो व तफावत असल्यास तसे कळवतो.

तक्रार नोंदवताना मूळ फाइल झिप करून पाठवावी. ती वर्डमध्ये उघडून पुन्हा जतन करू नये, कारण तसे केल्यास शेवटच्या बदलाची वेळ आणि बदल करणाऱ्याचे नाव, दोन्ही नव्याने लिहिले जातात.