टॅब दाबूनही नाव पुरं होत नसेल तर

जिनिंग, धर्मकाटा, कृषी केंद्र अशा ठिकाणी आम्ही उबुंटू टाकून दिलेल्या कॉम्प्युटरांसाठी हे पत्रक आहे. टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी; तिथे नावाची पहिली अक्षरं टाकून टॅब दाबला की उरलेलं नाव आपोआप पुरं होतं. ते झालं नाही की "टॅब चालत नाही, कीबोर्ड बदलून द्या" असे फोन कापसाच्या हंगामात फार येतात. कीबोर्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतो. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप इंग्रजीतच करायच्या.)

टॅब दाबून काही झालं नाही तर लगेच पुन्हा दाबा. सारख्या अक्षरांनी सुरू होणारी दोन-चार नावं असली की शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) अडून राहतो आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर यादी दाखवतो. यादीही आली नाही, तर त्या नावाचं तिथे काही नाही असं धरा. अशा वेळी नाव हाताने रेटून लिहू नका. 'आरएम' ही पुसण्याची कमांड असेल तर मुळीच नको.

नाव आहे, तरी सापडत नाही? मग इंग्रजी अक्षरं लहान की मोठी ते बघा. फोल्डर मोठ्या 'के'ने 'काटापट्टी' असा असेल आणि तुम्ही लहान 'के' टाकला, तर शेलच्या लेखी ते वेगळं नाव. हा त्रास रोजचा असेल तर होम फोल्डरमधल्या डॉट-इनपुटआरसी फाइलमध्ये 'सेट कम्प्लीशन-इग्नोअर-केस ऑन' ही ओळ टाका आणि टर्मिनल बंद करून उघडा. फाइल नसेल तर नवी बनवा. आणि 'एलएस' टाइप केल्यावर पडद्यावर 'ते' उमटलं, तर मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिलंय; बिलं टाइप करून उठलेल्यांचं हे नेहमीचंच.

फाइलींची नावं पुरी होतात, पण 'एपीटी'पुढे 'आयएनएस' टाकून टॅब दाबला तर 'इन्स्टॉल' होत नाही, असं असेल तर बॅश-कम्प्लीशन हे कमांडचे पुढचे शब्द पुरे करणारं पॅकेज नाही. 'सुडो एपीटी इन्स्टॉल बॅश-कम्प्लीशन' चालवा, नवीन टर्मिनल उघडा. पॅकेज आहे तरी तसंच? मग डॉट-बॅशआरसी या शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कुणीतरी हात घातलाय. मूळ प्रत ईटीसीमधल्या स्केल (एस-के-ई-एल) फोल्डरात असते, ती होममध्ये कॉपी करा. स्वतःच्या ओळी टाकल्या असतील तर आधी जुनी फाइल बाजूला ठेवा.

टॅब दाबला की कर्सर नुसता पुढे सरकतो, वरचा बाण दाबला की चौकटी कंस आणि 'ए' उमटतो, समोर फक्त डॉलरचं चिन्ह. हा बॅश (नेहमीचा शेल) नाही, साधा 'एसएच' आहे. नव्या मुनीमजींचं खातं 'युजरअ‍ॅड'ने काढलं की असं होतं. 'अ‍ॅडयुजर'ने काढलं तर होत नाही. तात्पुरतं 'बॅश' टाइप करा. कायमचं हवं तर त्याच खात्यातून 'सीएचएसएच -एस /बिन/बॅश', मग लॉगआउट करून परत या.

एका तक्रारीत मात्र ताबडतोब हालचाल करा. टॅब दाबताच 'कॅननॉट क्रिएट टेम्प फाइल' असं काही आलं आणि शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', तर डिस्क भरली आहे. शेलला तात्पुरती फाइल ठेवायलाही जागा उरलेली नाही. उद्या काट्याच्या नोंदीही अडतील. 'डीएफ -एच' चालवा. उजवीकडे फक्त तिरकी रेघ असलेल्या ओळीत 100 टक्के दिसले, तर 'सुडो एपीटी क्लीन' करा आणि जुने बॅकअप पेनड्राइव्हवर हलवा. हिशेबाच्या फाइली पुसू नका.

टॅब दाबल्यावर टर्मिनल गोठलं, तर कंट्रोल-सी. बहुतेकदा लाईन गेल्याने दुसरा कॉम्प्युटर बंद असतो आणि शेल त्याच्यावरचं सामायिक फोल्डर शोधत बसतो. तो सुरू करा.

एवढं करूनही अडलं तर फोन करा. त्याआधी 'एको डॉलर झिरो' चालवून काय उमटतं ते लिहून ठेवा, आणि शेवटची ओळ जशीच्या तशी वाचून दाखवा.