झांजिबारचं लाल निशाण

पूर्व आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर शंभराहून अधिक वर्षं जे निशाण फडकलं, त्यावर चंद्र नव्हता, तारा नव्हता, अक्षरही नव्हतं. नुसतं लाल कापड.

हे निशाण ओमानमधल्या मस्कतच्या बुसैदी राजघराण्याचं. सय्यद सईद बिन सुलतान यांनी १८४०च्या सुमारास दरबार मस्कतहून झांजिबारला हलवला आणि बेटावर लवंगेच्या बागा वाढवल्या. १८५६ मध्ये ते वारले आणि मुलांत भांडण जुंपलं. त्यातल्या बरगशला इंग्रजांनी काही काळ मुंबईत आणून ठेवलं. पुढे १८७० मध्ये तोच सुलतान झाला. दरम्यान, १८६१ साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी ओमान आणि झांजिबार वेगळे करण्याचा निवाडा दिला. राज्यं दोन झाली, निशाण मात्र दोन्हीकडे लालच राहिलं. मस्कतला तर ते १९७० पर्यंत टिकलं.

१८९० मध्ये झांजिबार ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेलं. सहा वर्षांनी खालिद बिन बरगशने परवानगीशिवाय गादी घेतली, तेव्हा २७ ऑगस्टला सकाळी नऊनंतर ब्रिटिश युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. जेमतेम ४० मिनिटांत वाड्यावरचं निशाण पडलं आणि मारा थांबला. खालिदच्या बाजूची सुमारे पाचशे माणसं मेली वा जखमी झाली. इतिहासातलं सर्वांत छोटं युद्ध म्हणून ही गोष्ट गंमतीने सांगितली जाते, ते मला खटकतं.

मोंबासाच्या फोर्ट जीझस किल्ल्यावरही हेच निशाण होतं, कारण केनियाची किनारपट्टी कागदोपत्री सुलतानाची होती. १९६३ मध्ये ती केनियाला मिळाली.

त्याच वर्षी १० डिसेंबरला झांजिबार स्वतंत्र झालं आणि लाल कापडावर पहिल्यांदा चित्र आलं: हिरवं वर्तुळ, त्यात दोन पिवळ्या लवंगा. लवंग ही बेटाची खरी ओळख, यात शंका नाही. पण त्या बागा गुलामांच्या घामावर उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या वंशजांना या लवंगांत आपलं काय दिसणार होतं?

१२ जानेवारी १९६४ ला क्रांती झाली, सुलतान जमशेद देश सोडून गेले. लवंगेचं निशाण एक महिना आणि दोन दिवस टिकलं. एप्रिलमध्ये झांजिबार समोरच्या मुख्य भूमीवरच्या टांगानिका देशाशी जोडलं जाऊन टांझानिया झाला. २००५ साली झांजिबारने पुन्हा स्वतःचं निशाण घेतलं: निळा, काळा, हिरवा पट्टा आणि कोपऱ्यात टांझानियाचं छोटं निशाण. लाल रंग त्यात नाही.