पीआय की पीएस? मेडिकेअरच्या पेट स्कॅन बिलामागचा इतिहास

अमेरिकेत कर्करोगाच्या पेट स्कॅनचं (शरीरात किरणोत्सारी द्रव्य सोडून काढलेल्या प्रतिमांचं) बिल मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, पाठवताना तपासणीच्या कोडसोबत पीआय किंवा पीएस हा मॉडिफायर, म्हणजे जादा माहिती देणारी दोन अक्षरं, लागतो. पहिला स्कॅन पीआय, नंतरचे पीएस, असं अनेक जण धरून चालतात आणि तिथेच चुकतात.

१९९८ मध्ये मेडिकेअर एफडीजी पेटचे (एफडीजी म्हणजे किरणोत्सारी साखर) पैसे देऊ लागलं ते फुफ्फुसातली एकटी गाठ आणि फुफ्फुसाच्या नॉन-स्मॉल-सेल प्रकारच्या कर्करोगाचं स्टेजिंग, म्हणजे तो किती पसरलाय हे ठरवणं, एवढ्यापुरतंच. पुढे एकेक कर्करोग यादीत येत गेला आणि प्रत्येकासाठी निदान, स्टेजिंग, री-स्टेजिंग, उपचारांना प्रतिसाद असे वेगवेगळे रकाने झाले. यादीबाहेरच्यांसाठी २००६ मध्ये नॅशनल ऑन्कोलॉजिक पेट रजिस्ट्री सुरू झाली: तिथे नोंद केली तरच पैसे.

३ एप्रिल २००९ पासून चार रकान्यांऐवजी एकच प्रश्न उरला: स्कॅन कशासाठी? सुरुवातीचे उपचार ठरवण्यासाठी असेल तर पीआय, त्यापुढचे ठरवण्यासाठी असेल तर पीएस. म्हणून शस्त्रक्रिया आणि केमो उरकल्यावर रुग्णाचा आयुष्यातला पहिलाच पेट झाला, तरी तो पीएस. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्पष्ट हवं. बिल करणाऱ्याने अंदाजाने ठरवू नये.

११ जून २०१३ रोजी एफडीजीसाठीची रजिस्ट्रीची अट गेली, पण मोजणी आली. सुरुवातीचे उपचार संपल्यावर पीएसचे तीन स्कॅन मिळतात. चौथ्यापासून केएक्स मॉडिफायर आणि गरज दाखवणारी कागदपत्रं लागतात, निर्णय त्या भागातला मेडिकेअरचा कंत्राटदार घेतो. मोजणी रुग्ण आणि कर्करोग यांच्या जोडीवर चालते, रुग्णालयावर नाही. दुसरीकडे झालेले स्कॅनही त्यात धरले जातात, म्हणून अपॉइंटमेंट देतानाच विचारून घ्यावं. नवा कर्करोग निघाला तर मोजणी नव्याने सुरू होते.

पेट-सीटीचे कोड २००५ चे. कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत ७८८१५, संपूर्ण शरीराला ७८८१६. सवयीने नव्हे, प्रत्यक्ष जेवढं स्कॅन झालं त्यावरून. यातला सीटी प्रतिमेची दुरुस्ती आणि जागा ओळखण्यापुरता असतो. निदानासाठीच्या सीटीचं वेगळं बिल हवं, तर तो स्वतंत्रपणे सांगितलेला असावा आणि त्याचा अहवालही असावा. एफडीजीचा कोड ए९५५२ एका तपासणीच्या ४५ मिलिक्युरीपर्यंतच्या (मिलिक्युरी हे किरणोत्साराचं माप) डोसचा आहे, म्हणजे युनिट एकच. बारा मिलिक्युरी दिले म्हणून बारा युनिट लिहिणं ही नेहमीची चूक.

२००९ चे काही अपवाद मात्र कायम राहिले: प्रोस्टेट कर्करोगाचे सुरुवातीचे उपचार ठरवण्यासाठी एफडीजी पेट मान्य नाही, आणि स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसीकाग्रंथींच्या सुरुवातीच्या स्टेजिंगसाठीही नाही.