बोटीचा वेग एचपीला विचारू नका

कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की रबरी बोटींचे व्हिडिओ फिरतात आणि कट्ट्यावर कुणीतरी ठणकावतंच, 'चाळीस एचपीचं इंजिन हाय, ऐंशीनं पळंल भावा!' नुसत्या एचपीवरून वेग काढता येत नाही. त्यासाठी बोटीच्या पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे बघावं लागतं.

प्रोपेलरवर दोन आकडे असतात, समजा ११ × १३. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जेवढा शिरेल, तो त्याचा पिच. शिरोली एमआयडीसीत यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. १३ इंच म्हणजे ०.३३ मीटर. इंजिनाचे मिनिटाला ५५०० फेरे, गिअर २:१, म्हणजे पंख्याचे २७५०. २७५० × ०.३३ × ६०: ताशी ५४ किमी.

पण पाणी काही लाकूड नव्हे. बोट यापेक्षा कमीच जाते, आणि या तुटीला 'स्लिप' म्हणतात. पुष्कळांना ती निव्वळ नासाडी वाटते. खरं तर स्लिपशिवाय बोट ढकललीच जाणार नाही. पातं विमानाच्या पंखाच्या तत्त्वावर चालतं: समोरून येणारं पाणी त्याला थोडं तिरकं भिडलं, तरच जोर मिळतो. आपल्या पंख्याचं पातं, मध्यापासून टोकापर्यंतच्या सत्तर टक्के अंतरावर, साधारण २८ अंशांनी कललेलं असतं. बोट फेऱ्यामागे पूर्ण १३ इंच पुढे गेली, तर पाणीही २८ अंशांतूनच येणार. सपाट पात्याला मग जोर जवळपास शून्य. १५ टक्के स्लिप धरा, पाणी साडेचोवीस अंशांतून येतं. उरलेले जेमतेम चार अंश सगळी बोट ढकलतात! हलक्या, पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के स्लिप धरतात, म्हणजे आपला वेग ४६ च्या आसपास.

एचपीचं काम त्या ५५०० फेऱ्यांपर्यंत पोचवण्याचं. बोटीत माणसं ठासून भरली की इंजिन तिथवर जात नाही, बोट उचलली जात नाही, आणि १६ फुटी बोट स्वतःच्याच लाटेत अडकून ताशी दहाच्या आसपास रेंगाळते. अशा वेळी कमी पिचचा पंखा लावतात. इंचामागे दीडशे-दोनशे फेरे वाढतात. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून किंवा बोटीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) लिंबू-मिरची लटकवून एकही वाढत नाही.

मोबाइलच्या जीपीएसवर ताडून बघणार असाल, तर तो जमिनीच्या तुलनेतला वेग दाखवतो हे ध्यानात ठेवा. एकदा प्रवाहाबरोबर, एकदा प्रवाहाविरुद्ध जा आणि दोन्ही वेगांची सरासरी काढा.