अमेरिकेतील ‘टिप’ आणि आपला बोजारा : एका गैरसमजाची पार्श्वभूमी

पोळ्याच्या दिवशी बैलजोडी दारात आली की विदर्भातील गावांत तिची पूजा होते आणि बैल आणणाऱ्या गड्याच्या हाती बोजारा ठेवला जातो. तो किती द्यावा हे घरधनी ठरवतो. गुढीपाडव्याला ठरलेल्या गड्याच्या सालातून तो वजा होत नाही. मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिने अमेरिकेत राहायला जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना हॉटेलच्या बिलाखाली लिहायची ‘टिप’ही अशीच खुशीची रक्कम वाटते. सेवा आवडली तर द्यावी, नाही तर राहू द्यावी, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. परंतु तेथील कायद्याने टिपला मजुरीचाच भाग करून ठेवले आहे.

ही प्रथा अमेरिकेत युरोपातून आली. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यावर गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना रेल्वेच्या शयनयान डब्यांत आणि उपाहारगृहांत नाममात्र पगारावर कामाला ठेवण्यात आले व उरलेली भरपाई प्रवाशांच्या हातावर सोडली गेली. १९०९ ते १९१५ या काळात सहा राज्यांनी टिपवर बंदी घातली होती, पण १९२६ पर्यंत त्यांतील एकही कायदा उरला नाही.

खरा वादग्रस्त निर्णय १९६६ चा. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातून वाढप्यांसारखे कामगार वगळले गेले होते. १९६६ च्या दुरुस्तीने त्यांना कायद्यात घेतले खरे, परंतु किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम गिऱ्हाइकाच्या टिपेतून आली असे धरून तेवढे कमी वेतन देण्याची मुभा त्याच वेळी मालकाला दिली. म्हणजे एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने अर्धा काढून घेतला, असेच म्हणावे लागते. १९९१ मध्ये मालकाने द्यायची ही रक्कम तासाला २.१३ डॉलर झाली आणि १९९६ मध्ये किमान वेतन वाढवताना ती तेथेच गोठवण्यात आली. सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. टिप कमी पडल्यास फरक मालकाने भरावा, असे कायदा सांगतो. पण तासागणिक मिळालेल्या टिपेचा हिशेब मालकापुढे ठेवून फरक मागणे, हातात काम टिकवू पाहणाऱ्या माणसाला किती जमत असेल, हे ज्याने रोजमजुरी केली आहे त्याला सांगायला नको. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांच्यासह सात राज्यांत मात्र मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते. तरीही बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देण्याचा रिवाज तेथेही आहे.

गोंधळात भर पडते ती ‘सेवा शुल्क’ या शब्दाने. आपल्याकडे ३० जून २०१७ पर्यंत मोठ्या हॉटेलांच्या बिलावर सरकारचा ‘सेवा कर’ आणि हॉटेलमालकाचे ‘सेवा शुल्क’ हे दोन्ही शेजारी छापले जात, त्यामुळे दुसरेही सरकारनेच लावले आहे असे अनेकांना वाटत असे. सेवा शुल्क आपोआप बिलात जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जुलै २०२२ मध्ये निघाली, लगेच न्यायालयात अडकली आणि मार्च २०२५ मध्ये वैध ठरली. म्हणून आज आपल्या देशात हे शुल्क नाकारता येते. ही सवय घेऊन परदेशी गेलेल्या माणसाने तेथील बिल सावकाश वाचावे. फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थांच्या किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे वर काही ठेवले तर तो खराखुरा बोजारा. जपानमध्ये तर वाढप्याला पैसे देण्याची चालच नाही. मेजावर ठेवलेली नोट विसरलेली समजून तो ती परत करायला मागे येऊ शकतो.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून टिपेची सर्व रक्कम कामगारांपर्यंत पोहोचवणे मालकांना बंधनकारक झाले आहे. अमेरिकेत २०२५ च्या कायद्याने २०२८ पर्यंत वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपेवर केंद्रीय आयकरात वजावट मिळू लागली. मालकाने द्यायच्या २.१३ डॉलरना मात्र त्या कायद्याने हात लावला नाही.